सात कागद, एकच डाग

ताई,

तुमचं सदर माझी बायको वाचायची, मी फक्त शब्दकोडं सोडवायचो. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता दोन्ही मीच करतो.

मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालो. 31 वर्षं तपासणीत काढली. छापून आलेला शीट समोर घ्यायचा, दोष दिसला की खूण करायची, पुढचा घ्यायचा. सूनबाई शाळेत चित्रकला शिकवते. तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं आणि अजून काही जणांचं प्रदर्शन गंगापूर रोडला एका कलादालनात लागलं आहे. "बाबा, घरात बसून काय करता, चला," म्हणाली म्हणून गेलो.

मैत्रिणीचे सात छापील कागद ओळीने लावले होते. फ्रेमबिम काही नाही, नुसते चिमट्यांना. घाटाचं चित्र असावं. पण रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग बसवायची जुळणी, हललेलं. निळा रंग अर्धा सूत उजवीकडे सरकलेला, खालच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर शाई पसरलेली. सातही कागदांवर तेच, त्याच जागी. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे हा शीट बाद." मला वाटलं हळू बोललो, पण मला कमी ऐकू येतं, त्यामुळे माझं हळू कसं असतं ते तुम्हीच ओळखा. ती मुलगी शेजारीच उभी होती. हसली बिचारी. सूनबाई हसली नाही.

शेवटच्या खोलीत एका भिंतीवर लोखंडी हुक आणि हुकांना जुन्या डब्याच्या कापडी पिशव्या. रिकाम्या. चाळीस हुक, एकोणचाळीस पिशव्या. चित्र नाही, मूर्ती नाही, दुसरं काही नाही. मी उभा राहिलो आणि घसा आवळल्यासारखा झाला. डोळ्यांत पाणी आलं. बाहेर येऊन कूलरवर तोंड धुतलं. सुनेने विचारलं तर म्हटलं, धूळ गेली. दारातल्या वहीत 'छान उपक्रम' लिहून सही केली. परतताना द्वारका चौक येईपर्यंत ती बोलली नाही, द्वारकेनंतर मी बोललो नाही.

जिथे खरोखर छपाईची मेहनत होती ते मला बाद वाटलं, आणि जिथे कोणी काहीच केलेलं नव्हतं तिथे रडू आलं. हे वयामुळे, की त्या पिशव्यावाल्याने मला फसवलं? पिशव्या टांगणं ही कला का? सुनेला काय सांगू? रविवारी शेवटचा दिवस आहे, ती परत जाणार आहे म्हणाली. मला चला म्हणालेली नाही.

— एक वाचक, जेल रोड

काका, नमस्कार.

शेवटाकडून सुरू करते. ती तुम्हाला चला म्हणाली नाही, पण रविवारी शेवटचा दिवस आहे हे तुम्हाला तिनेच सांगितलं ना? ज्याला न्यायचं नसतं त्याला कोणी वार सांगत नाही. तेव्हा रविवारी दुपारी मोकळे राहा.

आता त्या सात कागदांकडे येऊ. तुमच्या पत्रातल्या त्या तीन-चार ओळी मी पेन्सिलीने खूण करून ठेवल्या आहेत. मला सांगा, तुमच्या टेबलावर सलग सात शीट आले असते आणि सातांवर एकाच जागी एकच दोष असता, तर तुम्ही काय म्हणाला असता? शाई चुकून सांडते ती दर वेळी वेगळीकडे सांडते. सातही वेळा डाव्या कोपऱ्यात बोटभरच पसरली, म्हणजे ते एक तर प्लेटमध्येच आहे, नाहीतर तिने हाताने सात वेळा केलं आहे. प्लेटमध्ये असलं तरी पहिल्या कागदावर तिला दिसलंच असणार, आणि तरीही तिने पुढचे सहा काढले. निळा रंगही तसाच. अर्धा सूत सरकलेला आणि सातांवर तेवढाच सरकलेला. हललेलं रजिस्टर सहसा असं शिस्तीत हलत नाही, हे तुम्ही मला शिकवायचं, मी तुम्हाला नाही.

म्हणजे तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर होतं. घाई झाली ती शिक्का मारायची.

आणि त्यात नवल नाही. 31 वर्षं तुमच्या हातात शीट यायचा तेव्हा तो कसा असायला हवा हे आधीच ठरलेलं असायचं. नमुना पक्का. त्याच्याशी जुळलं तर पास, नाही तर बाद. तिथे तसंच हवं, नाहीतर देशाचं काही खरं नाही. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी जी दुसरी घालतात तिच्या नंबरात तारा असतो, हे मला फार उशिरा कळलं. 2006 साली ही पद्धत आली. तोवर अशी नोट हाती आली तर मला ती नकली वाटली असती. एका बाद नोटेची एवढी काटेकोर नोंद ठेवणाऱ्या कामातून तुम्ही आलात आणि थेट अशा खोलीत शिरलात जिथे नमुनाच नाही. त्या मुलीचा घाट कशाशी जुळवणार? खऱ्या घाटाशी?

आपण नाशिककर इथे थोडे लाडावलेलेही आहोत. शिवाजी तुपे आणि त्यांच्यासारख्या जलरंगवाल्यांनी आपल्याला घाट इतका सुरेख दाखवला, की आता घाटाचं चित्र म्हटलं की सकाळचं कोवळं ऊन, ओल्या पायऱ्या आणि मागे देवळाची शिखरं हे आपल्याला हवंच असतं. पण एकदा एखादं जलरंगातलं चित्र नाकाला लागेल इतक्या जवळून बघा. नारोशंकराची घंटा म्हणजे ब्रशचे दोन-तीन फटकारे असतात, रामकुंडावरची माणसं म्हणजे ठिपके. कडेला पाणी वाळून रंगाचा काठ धरलेला असतो. त्याला आपण बाद म्हणत नाही, कारण घंटा आपल्या ओळखीची आहे आणि उरलेली आपण मनात पुरी करतो. या मुलीच्या घाटात कदाचित पुरं करायचं काम जास्त ठेवलं असेल. किंवा तिला पूर आलेला घाट दाखवायचा असेल, पाण्यातून सगळं दुहेरी दिसतं तसा. मी प्रदर्शन पाहिलेलं नाही, अंदाज करते आहे. तिला विचारणारं माणूस त्या खोलीत एकच होतं, आणि ते 'बाद' म्हणून पुढे गेलं.

तुम्ही विचारायला सगळ्यात लायक का, तेही सांगते. शंभराच्या, दोनशेच्या, पाचशेच्या नोटेवर गांधीजींच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं की खरखर लागते. धातूच्या प्लेटमध्ये रेघा कोरायच्या, खाचांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि प्रचंड दाबाने कागद त्या खाचांत घुसवायचा, अशी ती छपाई. तुम्ही लोक तिला इंटॅग्लिओ म्हणता. चित्रकारही इंटॅग्लिओच म्हणतात, काका. आर्ट कॉलेजात जे एचिंग शिकवतात ते याच घरातलं. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये रेम्ब्रांट याच पद्धतीने चित्रं छापत होता, आणि त्याला एक खोड होती. कधी कधी तो प्लेट पूर्ण पुसायचाच नाही. शाईचा पातळ पापुद्रा मुद्दाम तसाच ठेवायचा, म्हणजे छापल्यावर सगळीकडे संध्याकाळ उतरल्यासारखी दिसे. तुमच्या टेबलावर आला असता तर गठ्ठाच्या गठ्ठा परत गेला असता.

दुसरे आपल्याकडचे, सोमनाथ होर. 1921 साली चितगावला जन्मले. 1943 चा बंगालचा दुष्काळ ऐन तारुण्यात डोळ्यांनी पाहिला आणि आयुष्यभर तो त्यांच्या हातातून गेला नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी 'जखमा' नावाची मालिका केली. पांढऱ्या कागदावर पांढरंच. शाई जवळजवळ नाहीच. मातीच्या थरावर खाचा पाडायच्या, त्याचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. कागद सुकून निघतो तेव्हा त्याला कातडीसारखे फाटल्याचे, सोलवटल्याचे वण असतात. वरवर बघणाऱ्याला तो खराब झालेला कोरा कागद वाटेल. तुम्हाला नाही वाटणार, तुम्ही तो तिरपा धरून उजेडात बघाल. ही सवय पैसे देऊन मिळत नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात याची पाहणी झाली होती, 2001 साली छापून आली. निम्म्या वेळा माणसं 17 सेकंदही थांबली नव्हती. तुम्ही हुक मोजलेत.

त्या हुकांविषयी.

पिशव्या टांगणं ही कला का, हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे आणि ते मिटवायला मला बोलावलेलं नाही. 1917 साली न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्युशाँ नावाच्या फ्रेंच कलावंताने दुकानातून आणलेलं मुतारीचं भांडं आडवं ठेवलं, त्यावर खोट्या नावाने सही केली आणि प्रदर्शनाला पाठवलं. फी भरणाऱ्या प्रत्येकाचं काम लावू असं म्हणणाऱ्या संयोजकांनी तेवढं एक लावलं नाही. मूळ भांडं हरवलं. आज संग्रहालयांत ठेवलेली आहेत ती बहुतेक पुढे 1964 मध्ये करून घेतलेली. तेव्हापासून प्रश्न तोच आहे, आणि उत्तर दर वेळी त्या त्या वस्तूपुरतंच देता येतं. आपल्या सुबोध गुप्तांनी स्टीलच्या भांड्यांचा ढीग रचून प्रचंड कवटी केली, ती मला पटते. तांब्या, डबा, कढई या वस्तू आपल्या घरात भूक भागवायला असतात, आणि त्यांचंच मरण केलेलं पाहून पोटात खड्डा पडतो. उलट भिंतीला चिकटपट्टीने लावलेलं केळं, जे 2024 साली लिलावात बासष्ट लाख डॉलरला गेलं आणि घेणाऱ्याने खाऊन टाकलं, त्यात मला बातमीपलीकडे काही सापडलं नाही. असेल कोणाला सापडलं. सगळं आवडलंच पाहिजे अशी सक्ती कुठल्याच दालनाच्या दारावर लिहिलेली नसते, आणि सूनबाईंनीही तशी ती केलेली दिसत नाही.

तुम्ही विचारता, त्याने फसवलं का. गंगेवरचा, म्हणजे आपल्या गोदावरीवरचा, दुतोंड्या मारुती घ्या. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण सगळे काय विचारतो? मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, गळ्याशी आलं का. त्या वेळी मूर्ती कोणी घडवली, घाटदार आहे का, याकडे कोणाचं लक्ष नसतं. ती तिथे उभी असते म्हणून पाणी किती चढलं ते कळतं. त्या पोराने भिंतीवर मारुती उभा केला. पाणी तुमचं होतं, आणि ते दोन वर्षं चढत असावं. मारुतीने फसवलं असं कोणी म्हणत नाही.

मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी फक्त गोड बोलल्यासारखं होईल. रडू आलं म्हणजे काम थोर, असं नाही. मला टीव्हीवरच्या कुकरच्या जाहिरातीत रडू आलेलं आहे. डोळ्यांतलं पाणी हे त्या कलाकृतीचं सर्टिफिकेट नव्हे. ते सांगतं एवढंच की काहीतरी लागलं. काय लागलं, ते शोधायला परत जावं लागतं. आणि वयाचं म्हणाल, तर भरताच्या नाट्यशास्त्रात सात्त्विक भावांची यादी आहे, आठांची. जागच्या जागी थिजणं, घाम, रोमांच, आवाज फुटेनासा होणं, थरथर, रंग उडणं, अश्रू आणि भान हरपणं. त्यातले तीन तुम्ही एका दुपारी पार पाडलेत. कूलरवर तोंड धुण्याचं मात्र भरताने लिहिलेलं नाही.

मी पंचवटीत वाढले. पोहायला गंगेवरच शिकले. मामा हाताखाली धरायचा आणि मग न सांगता सोडून द्यायचा. मुंबईत पहिल्यांदा अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंडेंच्या चित्रासमोर उभी राहिले तेव्हा माझ्याबरोबरच्या दोघी जणी फार गंभीर चेहरे करून बघत होत्या. मीही केला. आत काहीच हललं नाही. खोलीतल्या पंख्याचा आवाज तेवढा आठवतो. चित्रात ना झाड ना माणूस, एका रंगातून दुसरा रंग वर येतोय आणि मधेच काही खुणा तरंगताहेत. बाहेर पडल्यावर मी "अफाट" म्हणाले. खोटं होतं ते. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांचंच दुसरं चित्र पाहिलं, एकटी होते, बसायला बाक होता, म्हणून बसले. आणि थोड्या वेळाने वाटलं, हे तर पाण्याखालून डोळे उघडून वर बघितल्यासारखं आहे. मामाने सोडल्यानंतरचे ते दोन-तीन क्षण. वरून येणारा पिवळट उजेड आणि त्यात तरंगणारा काडीकचरा. आता गायतोंडे काही आमची गंगा रंगवायला बसले नव्हते. आपलं चित्र कशाचंही नाही असंच ते म्हणत. पण त्यांनी तो उजेड इतका निगुतीने थर चढवून, पुसून, परत चढवून केला नसता, तर माझा मामा तिथे येऊच शकला नसता. नुसत्या पिवळ्या भिंतीकडे बघून मला तो आठवत नाही. हे मला पटायला वेळ लागला: आठवण माझी, पण दार त्यांनी केलेलं.

तुम्ही म्हणता, पिशव्यांत कोणी काहीच केलेलं नव्हतं. काका, चाळीस हुक आणि एकोणचाळीस पिशव्या, हे कोणीतरी केलेलं आहे. तुम्ही मोजून लिहिलंत आणि त्यावर एक अक्षर बोलला नाहीत. एक हुक रिकामा. घसा तिथे आवळला का, हे मला माहीत नाही, तुम्हाला असेल. रविवारी गेलात की अजून काही तपासा. हुक किती उंचीवर आहेत? डबा टांगायला हात सहज पोचेल अशा, की जरा वर, म्हणजे हात पोचणार नाही अशा? रिकामा हुक कडेला आहे की मधे? पिशव्या शिवलेल्या कोणाच्या हातच्या वाटतात, बाजारच्या की घरच्या? जुन्या पँटच्या कापडाच्या आहेत का, बंद एकदा तुटून परत जोडलेला दिसतो का, तळाला तेलाचा डाग आहे का की धुऊन काढलाय? पिशव्या खऱ्याच वापरातल्या असतील तर एक गोष्ट झाली. नव्या आणून जुन्या दिसाव्यात म्हणून चहाच्या पाण्यात बुडवल्या असतील तर दुसरी. तसं निघालं आणि तुम्हाला राग आला, तर तोही खरा राग असेल, आणि या खेपेला त्याला कारण असेल.

हे सगळं करताना परत डोळे भरले तर भरू द्या. धूळ नाशिकमध्ये पुष्कळ आहे, पण दर वेळी तिच्यावर ढकलू नका.

राहता राहिली सूनबाई. तिचा राग तुम्हाला चित्र आवडलं नाही याचा असेल असं मला वाटत नाही. ती रोज पस्तीस-चाळीस पोरांची चित्रं बघते, न आवडण्याची तिला सवय असणार. तिने तुम्हाला तिच्या माणसांत नेलं, तुम्ही मोठ्याने निकाल दिलात, आणि नंतर जिथे खरंच काही झालं तिथे तिला धूळ सांगितलीत. पहिलं ती विसरेल. दुसरं तिला कळलं आहे. तोंड धुऊन आलेला माणूस ओळखता येत नाही असं थोडंच आहे.

"माफ कर" म्हणायचं तर म्हणा, पण नुसतं तेवढंच नको. तिला म्हणा, "तुझ्या मैत्रिणीला एक विचारायचंय, सातही शीटवर डाग एकाच जागी कसा आला?" हा प्रश्न त्या मुलीला त्या दालनात अजून कोणी विचारला असेल याची मला दाट शंका आहे. ज्यांनी विचारायचा तेही "वा, छान टेक्स्चर" म्हणून चहाकडे गेले असणार. तिने उत्तर दिल्यावरही तुम्हाला ते कागद नाही आवडले, तर तसं सांगा. पण "मला निळा सरकलेला खुपतो, डोळा तिथेच जाऊन अडतो, घाटाकडे पोचत नाही" असं सांगा. एवढं नीट पाहून कोणी नावं ठेवली तर कलावंत माणूस रात्रभर जागतो, पण रागावत नाही. निदान चांगला असेल तर नाही.

आणि पिशवीचं? ते मैत्रिणीला सांगायची गरज नाही, त्या पोरालाही नाही. ते घरातलं आहे. वहिनींनी 31 वर्षं डबा कशातून दिला, ती पिशवी अजून कुठे खुंटीला आहे की कोणी टाकून दिली, हे सूनबाईला कदाचित ठाऊकही नसेल. पत्रात तुम्ही वहिनींविषयी एक ओळ लिहिलीत आणि ती शब्दकोड्याला जोडून. पिशव्यांच्या परिच्छेदात त्यांचं नाव नाही.

अभिप्रायाच्या वहीत तुमचं 'छान उपक्रम' आता पुसता येणार नाही. त्याच्या खाली आणखी लिहा. जागा नसेल तर पुढच्या पानावर, सगळे "पुढील वाटचालीस शुभेच्छा" लिहितात तिथे.

परत येताना द्वारकेला गर्दी असेलच. रविवार संध्याकाळ म्हणजे पंधरा-वीस मिनिटं तरी गाडी हलत नाही. तेवढ्यात पिशवीचं सांगून होईल.